पट्ट्याला तेल

“बुवा, एकदाचं सांगून टाका. चेन चांगली का पट्टा?”

बुवांचा सेवेकरी केरबा, त्यानं हे मठाच्या ओसरीवर चारचौघांत विचारलं. समोर अंगणात नवी मोटारसायकल उभी होती. बुवा ताकभात जेवत होते.

“चेन,” बुवा म्हणाले.

केरबाचं तोंड फुललं. त्यानं लगेच श्रीपालकडं बघितलं. श्रीपाल म्हणजे ही नवी गाडी मठाला देणारा.

“पण बुवा, सकाळी तुम्हीच मला म्हणालात, पट्टा चांगला,” श्रीपाल म्हणाला.

“म्हणालो की.”

“मग खरं काय?”

बुवांनी ताटातलं शेवटचं शीत बोटानं टिपलं.

“तुला पट्टा द्यायचाय. ह्याला चेन ठेवायचीय. मला नुसतं पोचायचं असतं.”

आणि ते हात धुवायला उठले. दोघंही तोंडात मारल्यासारखे बसून राहिले. मला हसू आलं, पण मी दाबलं.

मी हिंदुराव. मठाच्या पायथ्याला माझी पिठाची गिरणी आहे. मी काही शिष्यबिष्य नव्हे. मठाचं पीठ दळून द्यायचं आणि त्या निमित्तानं घटकाभर ओसरीवर टेकायचं, एवढाच माझा परमार्थ. बायको म्हणते तोही जास्तच आहे.

हा मठ छोटा. पालखी नाही, भंडारा नाही, उत्सव नाही. रीत एकच, आणि ती आमच्या रामलिंगबुवांच्या गुरूंच्याही आधीपासूनची. आसपासच्या वाड्यांत कुणाचं शेवटचं आलं आणि त्यानं बोलावलं, की बुवांनी जायचं. औषध द्यायचं नाही. अंगारा लावायचा नाही. मंत्रही म्हणायचा नाही. त्या माणसाचा हात हातात घेऊन बसायचं, श्वास थांबेपर्यंत. मग उठून यायचं.

आमच्याकडची माणसं मरणाला भीत नाहीत असं नाही. पण बुवा येणार म्हटलं की जरा कमी भितात.

वाड्या लांब लांब, रस्ते मुरमाचे. त्यामुळं बुवांना गाडी लागायची. मठाची जुनी फटफटी होती. दाते झिजलेले, चेन कधी उतरेल नेम नाही. बुवा सत्तरीचे, तरी गाडी स्वतः चालवायचे. केरबाला द्यायचे नाहीत, कारण केरबा चालवायला बसला की चेनचा आवाज ऐकत राहायचा आणि रस्त्याकडं बघायचाच नाही.

म्हणून बुवा पुढं, केरबा मागं, त्याच्या मांडीवर पान्यांची पिशवी. वाटेत चेन उतरली की हा उतरायचा, चढवायचा, परत बसायचा. त्या घरी पोचल्यावर बुवा अंथरुणाशी बसायचे आणि केरबा उंबऱ्यावर. सगळं संपेपर्यंत दोघंही जागचे हलायचे नाहीत.

“तेवढा येळ माझा फुकट जातुय बघ,” केरबा मला म्हणायचा. “हाताला कामच न्हाई.”

त्याचं काम म्हणजे चेन. रोज सकाळी रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश आणि फडकं घेऊन तो गाडीशी उकिडवा बसायचा. चेन धुवायची, पुसायची, एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडायचा, मग बोटानं वरखाली करून सैल-घट्ट बघायचं. मठात नवा कोणी राहायला आला तर त्याला झाडू मिळायचा, विहिरीचं पाणी मिळायचं, स्वयंपाक मिळायचा. चेन मिळायची नाही.

गर्व होता त्याला, सरळच सांगतो. नखांत काळं तेल घेऊन फिरायचा आणि कुणी म्हटलं “हात धू की रे”, तर म्हणायचा, “ह्या हातावर बुवा चालत्यात.”

मला राग यायचा. पण खोटं तरी काय होतं त्यात?

श्रीपालचे वडील गेले तेव्हा बुवा त्यांच्याजवळ होते. श्रीपाल नव्हता. तो पुण्यात कारखान्यात इंजिनिअर, निघेपर्यंत उशीर झाला. त्या दिवशी वाटेत चेन दोनदा उतरली होती आणि बुवा जेमतेम पोचले होते, हे त्याला नंतर कळलं. ते त्याच्या मनाला लागलं. वर्षश्राद्धाला आला तो ही बॅटरीची मोटारसायकल घेऊनच. हिला चेन नाही. मागच्या चाकाला काळा रबरी पट्टा, आतून दातेरी.

श्रीपालनं अंगणात उभं राहून सगळ्यांना समजावलं.

“हिला रोजचं काही करायचं नाही. ताणायचं नाही, घासायचं नाही. मुरूम उडाला तर साध्या ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि तेल अजिबात नाही. तेल लागलं की त्याला धूळ-खडे चिकटतात, दात्यांत दाबले जातात आणि पट्टा जातो.”

“खरंय,” मी म्हणालो. “माझ्या गिरणीच्या पट्ट्यालासुद्धा मी तेलाचा हात लागू देत नाही.”

केरबानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याच्या घरात चोरी केली.

“तुझी गिरण जुंधळं दळती, हिंदुराव. ही गाडी बुवांस्नी नेती.”

“म्हणून काय रबराला तेल पाजायचं?”

“कोरडं कुटं काय चालतंय व्हय?”

त्यावरून वाद पेटला, आणि तो ताकभाताच्या वेळी बुवांपर्यंत गेला. तिथं त्याचं काय झालं ते सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतून बोलावणं आलं. बुवा नव्या गाडीवर बसले. केरबा सवयीनं पान्यांची पिशवी घेऊन मागं बसायला गेला.

“राहू दे,” बुवा म्हणाले. “वाटेत काही लागायचं नाही.”

…

गाडी गेली. आवाजसुद्धा नाही. जुनी फटफटी खिंड ओलांडेपर्यंत ऐकू यायची. ही फाटकाबाहेर वळली आणि संपलं.

केरबा पिशवी घेऊन अंगणात तसाच उभा. मी “चल, चहा घेऊ” म्हटलं, तर ऐकलं नाही.

बुवा संध्याकाळी परत आले. गाडी उत्तम चालली होती, वेळेआधी पोचले होते. तरी नेहमीसारखे बोलले नाहीत. ओसरीच्या कडेला बराच वेळ बसून राहिले आणि जेवायला उठले नाहीत. मी विचारलं, “दमला काय बुवा?” त्यांनी नुसती मान हलवली.

केरबाचं लक्ष नव्हतं. तो जुन्या फटफटीची चेन घासत होता. न चालणाऱ्या गाडीची चेन! मला ते बघवेना. शहाणा माणूस असा खुळ्यागत वागायला लागला की वाईट वाटतं, आणि त्याला ते सांगितलं की तो अंगावर येतो.

पुढं बुवा एकटेच जाऊ लागले.

मग करंजधोंडच्या रवळू गुरवाचं बोलावणं आलं. रवळू म्हातारा, देवळात ढोल वाजवणारा. बुवांचा लहानपणचा सोबती. दोघांनी मिळून गावच्या ओढ्यात खेकडी धरलेली. बुवा ऊन डोक्यावर घेऊनच निघाले.

करंजधोंडचा चढ आहे तिथं पट्टा तुटला. काही खडखड नाही, काही कुरकुर नाही, सूचना नाही. मागचं चाक मोकळं झालं आणि गाडी उतारानं मागं यायला लागली. बुवांनी ती कशीबशी बांधाला टेकवली आणि चालत निघाले.

पोचले तेव्हा रवळूला घोंगडीवरून खाली घेतलेलं होतं.

त्याचा मुलगा काही वाकडं बोलला नाही. फक्त म्हणाला, “आप्पा दाराकडं बघत होता.”

…

बुवा आणि गाडी, दोघंही खताच्या टेंपोतून मठात आले. त्यानंतरच्या रविवारी पुण्याहून श्रीपाल आला. त्यानं तुटका पट्टा हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. आतल्या दात्यांत काळा चिकटा आणि त्यात तांबडे खडे रुतून बसलेले. कड कुरतडल्यासारखी.

“तेल कोणी घातलं?”

ओसरीवर बुवा होते, मी होतो, केरबा होता.

“कोणी घातलं विचारतोय मी!”

“म्या,” केरबा म्हणाला.

“सांगितलं होतं ना?”

“सांगितलंतं.”

“मग?”

“कोरडा व्हता… बघवंना. रोज सकाळी थेंब थेंब सोडत व्हतो.”

मला विचाराल तर त्यात निम्मी माया होती आणि निम्मी जळफळ. ती कुठं संपते आणि ही कुठं सुरू होते ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण श्रीपालचं डोकं फिरलं. तो केरबाला अडाणी म्हणाला, आडमुठा म्हणाला, आणखीही काय काय. केरबानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत मी त्याला कुणाचं ऐकून घेताना पहिल्यांदा बघितलं.

मग त्यानं बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“रवळूमामा माझ्यामुळं एकटा गेला.”

डोकं त्यानं तसंच टेकलेलं ठेवलं.

“तुमास्नी न सांगता केलं, बुवा.”

“ठाऊक होतं.”

केरबानं डोकं वर केलं. “कदीपास्नं?”

“पहिल्या दिवसापासून. वास यायचा.”

आता माझा संयम संपला. मी काही बुवांना उलट बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बोललो.

“ठाऊक होतं? मग पुसून का नाही टाकलंत? एक फडकं मारायचं काम! तिकडं रवळूअण्णा वाट बघत गेला, आणि तुम्हाला ठाऊक होतं म्हणता?”

“हो.”

“अहो, हो काय?”

बुवा माझ्याकडं बघत होते. डोळे लाल होते. ते झोपले नव्हते हे मला तेव्हा दिसलं.

“पुसायला हवं होतं, हिंदुराव. नाही पुसलं. म्हटलं, तेवढं तरी त्याचं त्याच्याकडं राहू दे.”

श्रीपालनं हातातला पट्टा खाली ठेवला.

मग बुवा उठले आणि चालत करंजधोंडला गेले. रवळूच्या बायकोपुढं बसले. दोन्ही हात जोडून “चुकलं” एवढंच म्हणाले, असं तिच्या सुनेनं गिरणीवर दळण घेऊन आली तेव्हा सांगितलं. त्या बाईनं त्यांना पाणी दिलं. पण ती बोलली नाही, आणि का बोलावं तिनं?

श्रीपालनं पुण्याहून नवा पट्टा मागवला. पट्टा येईपर्यंत तो गावातच राहिला. स्वतः चाक खोललं, दाते घासून कोरडे केले, पट्टा बसवला, अंगठ्यानं दाबून ताण बघितला. केरबा लांब पायरीवर बसून बघत होता. मदतीला गेला नाही. एकदा पाना घरंगळत त्याच्या पायाशी आला, तर त्यानं तो उचलून पायरीवर ठेवला आणि परत हात मांडीखाली घेतले.

रात्री त्यानं आपलं धोतर, घोंगडी, तांब्या बांधला. मला सकाळी गिरणी उघडतानाच दिसला, बोचकं काखोटीला मारून मठाची पायवाट उतरताना. मग थांबला, वळला आणि परत वर गेला. निरोप न घेता जायचा धीर झाला नसावा. मी पण गिरणीचा पट्टा चढवायचा सोडून त्याच्या मागं गेलो.

“मी जातो, बुवा,” तो म्हणाला.

“कुठं?”

“भाचा हाय आजऱ्याला. त्येच्या काजूच्या बागंत राखण करीन.”

“बरं.”

केरबा हलला नाही. बुवांनी आणखी काही म्हणावं म्हणून थांबला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

“माझं हितं आता काम न्हाई,” केरबा म्हणाला. “चेन व्हती तवर व्हतं. पट्ट्याला कायबी लागत न्हाई. आन् म्या हात लावला तर…”

तेवढ्यात माझा फोन वाजला. मठात फोन नाही, बोलावणी माझ्याच फोनवर येतात. उमाटवाडीच्या तुळसाक्काचा जावई होता. म्हातारीनं पाणी सोडलंय, बुवांचं नाव घेतेय, लवकर या म्हणाला.

मी सांगितलं. बुवा आत गेले, उपरणं घेऊन आले, गाडीवर बसले. श्रीपालनं चावी फिरवून दिली.

“आता काही काळजी नाही बुवा. पट्टा पक्का आहे. वाटेत काही व्हायचं नाही.”

“नाही व्हायचं,” बुवा म्हणाले.

गाडी हलली नाही.

आम्हाला वाटलं, काही अडलं. श्रीपाल वाकून बघायला लागला. काही अडलेलं नव्हतं. बुवा दोन्ही मुठी धरून समोर बघत बसले होते.

“बुवा, उशीर होतोय,” मी म्हणालो. मागचा उशीर मी विसरलो नव्हतो. “तुळसाक्का…”

“होय.”

आणि तरी बसलेले! तिकडं म्हातारी डोळे लावून पडलेली आणि हे अंगणात देवासारखे स्वस्थ. श्रीपाल माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. काय करावं?

बुवा बसल्या जागी पुढं सरकले. अगदी सीटच्या पुढच्या टोकापर्यंत. मागं एका माणसाची जागा झाली.

केरबा फाटकाशी उभा होता, बोचकं काखेत. त्यानं ती जागा बघितली. मग इकडं तिकडं बघितलं, जसं काही दुसऱ्याच कुणासाठी असेल.

“नवा पट्टा हाय, बुवा.”

“हो.”

“तुटायचा न्हाई.”

“नाही.”

“पाने लागायचे न्हाईत. तेल लागायचं न्हाई.”

“नाही लागायचं.”

“मग म्या येऊन काय करू?”

“काही नाही,” बुवा मान न वळवता म्हणाले. “तेच मला एकट्याला जमत नाही.”